मोतीरामच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, माझं खरं नाव इतकं लांबलचक आहे की ते एका दमात उच्चारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. रक्तदाब मोजणारं पाऱ्याचं उपकरण! डॉक्टर मंडळी मला नुसतं 'बी.पी.' म्हणतात, आणि वाळूजच्या कारखान्यातले कामगार मला 'पट्टा' म्हणायचे. मला पट्टाच आवडतं. वयानं मी आता जुना झालो आहे. पेटीचा रंग उडाला, रबरी नळ्या बदलून झाल्या, पण माझ्या काचेतला पारा अजून खोटं बोलत नाही. यात थोडी बढाई आहे, ती गोड मानून घ्या. पुढे जे सांगणार आहे त्यात बढाई मारण्याजोगं फारसं काही नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची पेटी, तिच्या झाकणात उभी काचेची नळी, नळीशेजारी आकड्यांच्या रेघा, दंडाला गुंडाळायची कापडी पट्टी आणि हातात दाबायचा रबरी फुगा, असा माझा सगळा संसार. माझं कामही सरळ आहे. पट्टी दंडाला गुंडाळायची, फुगा दाबून हवा भरायची, की पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडत कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. रक्ताचा ठोका पहिल्यांदा ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके बंद पडतात तो खालचा. मी कुणाचा आजार बरा करत नाही आणि वाढवतही नाही. मी फक्त आकडा दाखवतो. तो सांगायचं काम माणसांचं असतं.

मला विकत घेतलं डॉ. पैठणकरांनी. औरंगाबादेत त्यांचा मोठा नावलौकिक होता. तेव्हा ते तरुण होते, बोलणं मृदू, हात मऊ. रोज संध्याकाळी ते माझी काच मलमलच्या फडक्यानं पुसायचे. माझी पट्टी स्वतः घडी घालून पेटीत ठेवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. असा धनी मिळाला म्हणून मी मनातल्या मनात मिशांवर ताव द्यायचो. मला मिशा नाहीत ही गोष्ट निराळी.

डॉक्टरांना पैशाचा हव्यास नव्हता. त्यांना एकच ध्यास होता. खेड्यातला माणूस शेत आणि मेंढरं सोडून कारखान्यात येतो, पाळीत रात्रीचा दिवस करतो, कॅन्टीनचं खारट खातो, तर काही वर्षांनी त्याच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. ते इतर डॉक्टरांना समजावताना आपल्या शहरातल्या जुन्या नहरीचा दाखला द्यायचे. नहरीचे खापरी नळ बाहेरून धड दिसतात, पण आतून क्षाराचा थर चढत जातो आणि पाण्याची वाट अरुंद होते. रक्तवाहिनीचंही तसंच. आत थर बसतो, भिंत ताठरते, त्यातून दाब वाढलेला असला तर एके दिवशी मेंदूकडे जाणारी वाहिनी तुंबते नाहीतर फुटते. मग माणसाचं अर्धं अंग लुळं पडतं. आमच्या भागात लोक त्याला 'वारं गेलं' म्हणतात.

त्या वर्षांत वाळूजचा माळ बघता बघता शेडनी भरून गेला होता. जिथे ज्वारी हलायची तिथे भोंगे वाजू लागले. त्यातल्या एका कारखान्यानं डॉक्टरांच्या अभ्यासाला परवानगी दिली. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही जीपनं तिथे जायचो. डॉक्टर, आशाबाई नावाच्या परिचारिका आणि मी. कॅन्टीनच्या कोपऱ्यात टेबल लागायचं आणि निवडलेले कामगार बाह्या वर करून रांगेत उभे राहायचे.

तिथेच मला मोतीराम भेटला.

मोतीराम भट्टीवर काम करायचा. मूळचा वैजापूर तालुक्यातला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांत बौद्धांची घरं पेटली, त्यात त्याचंही घर गेलं. हे त्यानंच सांगितलं, माझी पट्टी दंडाला असताना, जेवणातल्या मिठाबद्दल सांगावं तितक्या सहज. त्या दिवशी शेजारच्या धनगर आळीतल्या बानाबाईनं त्याच्या बायकोला आणि लेकरांना मेंढवाड्यात लपवलं होतं. तिचाच मुलगा सूर्यभान पुढे मोतीरामच्या मागोमाग याच कारखान्यात लागला. मोतीराम बायकोला, मुक्ताबाईला घेऊन औरंगाबादजवळच्या पडेगावात राहायचा. नामांतराचा एक मोर्चा त्यानं चुकवला नव्हता. तुरुंगातही जाऊन आला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

पहिल्याच वर्षी त्याच्या दंडावर माझा पारा एकशेऐंशीला थरथरला. खालचा आकडाही एकशेदहाच्या खाली यायला तयार नव्हता. मी माझं काम चोख केलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, टिपून घेतला आणि म्हणाले, "छान. या आता."

मी वाट पाहत राहिलो. वाटलं, मागाहून बोलावतील. पण त्यांनी पुढच्या माणसाचा दंड हातात घेतला.

परतताना जीपमध्ये आशाबाईंनी विषय काढला. "सर, त्या मोतीरामचं फारच वर आहे हो. त्याला सांगू का मी?"

"आशाबाई, आपण उपचार करायला आलेलो नाही, पाहायला आलोय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "गोळी सुरू झाली की तो माणूस अभ्यासातून बाद. मग आपण शोधणार काय?"

पुढच्या वर्षी आशाबाईंची बदली झाली आणि टेबलाशी डॉक्टर एकटेच बसू लागले.

आता मोतीरामची गंमत ऐका. गंमत म्हणायला जीभ कचरते, पण तेव्हा ती गंमतच वाटली होती. दुसऱ्या वर्षी मोजून झाल्यावर डॉक्टर माझी पट्टी सोडायला लागले तर हा त्यांचा हात धरून म्हणाला, "साहेब, जरा वेळ राहू द्या की बांधलेला. मागल्या खेपेला तुम्ही आवळला, तर महिनाभर डोकं दुखलं नाय माझं. लई गुणाचा पट्टा हाय!"

मित्रांनो, त्या भल्या माणसाला वाटत होतं की मीच इलाज आहे. दंड करकचून आवळायचा, चढलेलं रक्त खाली उतरवायचं आणि वर्षाची बेगमी करायची! मोठा डॉक्टर शहरातून जीपनं येतो, पेटी उघडतो, दंड बांधतो, आणि एवढं करून इलाज करत नाही, हे त्याच्या डोक्यात येणार तरी कसं? यंत्र लागलं म्हणजे उपचार झाला, हे त्याच्या लेखी सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं.

डॉक्टर हसले. "बरं, बसा दोन मिनिटं," म्हणाले. मला वाटलं, आता तरी सांगतील. एक वाक्य पुरे होतं. पण त्यांनी पट्टी सैल करून तशीच राहू दिली आणि चहा मागवला. मोतीराम डोळे मिटून, देवळात बसावं तसा बसून राहिला.

मग काय, कॅन्टीनभर गवगवा झाला. 'रक्त उतरवायचा पट्टा' म्हणून माझी कीर्ती पसरली. अभ्यासात नसलेले लोकही रांगेत घुसू लागले. कुणाची कंबर धरलेली, कुणाला झोप नाही. एकानं तर दाढ दुखते म्हणून दंड पुढे केला! मला हसू आवरेना. सूर्यभान तेवढा डोकं खाजवत लांब उभा राहायचा. निवडलेल्यांत तोही होता; त्याचाही आकडा दर वर्षी वर असायचा आणि त्यालाही 'छान' एवढंच ऐकायला मिळायचं.

एकदा सूर्यभान शहरात, औरंगपुऱ्यात सामान आणायला गेला असताना गरगरून रस्त्यातच बसला. लोकांनी त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या साध्या डॉक्टरांनी त्याला दाब किती वाढलाय ते सांगितलं आणि रोजची गोळी लावून दिली. महिनाभरात गडी तरतरीत झाला. त्या वर्षी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो असताना तो सरळ टेबलापाशी आला. माझी पट्टी तेव्हा मोतीरामच्याच दंडाला होती.

"मोत्या, तू बी ये जाऊन त्या औरंगपुऱ्यातल्या डाक्टरकडं," सूर्यभान म्हणाला. "मला रोज गोळी दिली, तर डोकं कसं हलकं झालं बघ."

"तुला गोळी लागती, मला पट्टा पुरतो," मोतीराम हसत म्हणाला. "तुझा कोपऱ्यावरला डाक्टर कुठं अन् आमचे पैठणकर साहेब कुठं!"

सूर्यभाननं मग डॉक्टरांनाच विचारलं, "साहेब, ह्याचा बी दाब वाढलाय का वो?"

माझा पारा तेव्हा एकशेनव्वदच्या रेघेवर होता. दोघांपैकी कुणालाही माझे आकडे वाचता आले असते, पण त्यांचा अर्थ फक्त एका माणसाला कळत होता.

"सूर्यभान, तुमची गोळी सुरू झाली, तुम्ही आता आमच्या अभ्यासात नाही. मागे व्हा बरं," डॉक्टर म्हणाले. "पुढचा कोण?"

"बघ!" मोतीरामनं सूर्यभानच्या पाठीत थाप मारली. "वाढला असता, तर साहेब बोलले नसते का?"

त्या दिवशी माझ्या धन्यावरचा माझा विश्वास उडाला. केसानं गळा कापणं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. तरी त्या रात्री त्यांनी मला नेहमीसारखंच मलमलनं पुसलं, आणि मला ते नकोसं झालं.

पुढे मुंबईत मोठी परिषद भरली. डॉक्टरांनी तिथे आपला अभ्यास वाचला. ज्यांचा दाब वर राहिला आणि ज्यांनी काहीच औषध घेतलं नाही, त्यांच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे त्यांनी पडद्यावर रेघा दाखवून सांगितलं. नहरीचा दाखला ऐकून तर सभागृह डोलू लागलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. मलाही टेबलावर मांडलं होतं आणि लोक वाकून वाकून बघत होते. 'औषध घेतलं नाही' असं डॉक्टर म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाही वर केलेला मोतीराम आला. कुणी द्यायला गेलं होतं आणि त्यानं घेतलं नाही, असं ते वाक्य ऐकू येत होतं.

यानंतर लगेच जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मुक्ताबाईच्या घरी राहायला आल्यावर तिच्या आणि सूर्यभानच्या बोलण्यातून मला ते कळलं.

चौऱ्याण्णव सालची संक्रांत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली आणि पडेगावची बौद्ध वस्ती घराबाहेर पडली. सोळा वर्षं ज्यासाठी घरं जळली, माणसं मेली, ते नाव अखेर लागलं होतं. मोतीराम पाळीवरून थकून आला होता, डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला होता. मुक्ताबाईनंच त्याला उठवलं. "उठा की वो! आजचा दिस पुन्हा यायचा हाय का? जा, नाचा पोटभर." तिनं त्याच्या कपाळाला निळा गुलाल लावला. हलगीच्या तालावर तो विद्यापीठाच्या कमानीपर्यंत नाचत गेला, परत आला तेव्हा घसा बसला होता आणि डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी त्याच्या उजव्या हातातून निसटली. बोलायला गेला तर शब्द उमटेना. त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं.

सरकारी दवाखान्यात जीव वाचला. उजवी बाजू गेली ती गेलीच आणि वाचाही गेली. तिथे सांगितलं की बी.पी. वाढल्यानं झालं. झालं, वस्तीनं आपापसात निवाडा करून टाकला. नाचला, आनंद अंगाबाहेर गेला, म्हणून बी.पी. वाढलं! कारखान्यातले दोनचार कुजके लोक तर 'नाव मिळालं अन् हात गेला' म्हणून दात काढायचे. सूर्यभान बिचारा कुठून तरी कबुतर घेऊन आला. लुळ्या अंगाला कबुतराचं रक्त चोळलं की ऊब येते, असं आमच्याकडे मानतात. मुक्ताबाईनं तेही करून पाहिलं. पण तिच्या मनाला जे लागलं होतं त्यावर कुणाकडे औषध नव्हतं. मीच उठवलं, मीच नाचा म्हणाले, असं म्हणत ती चुलीपुढे बसून राहायची. घरात नामांतराचा शब्दही तिला सहन होईना.

उन्हाळ्यात डॉक्टर मला घेऊन पडेगावात आले. अभ्यासातल्या माणसाला झटका आला होता, त्याची शेवटची नोंद करायची होती.

मोतीराम पत्र्याच्या खोलीत खाटेवर पडलेला. माझी पेटी पाहिली आणि त्याचा अर्धा चेहरा हसला. त्यानं डाव्या हातानं आपला उजवा लुळा हात उचलला, ओढत ओढत पुढे आणला आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला. तोंडातून नुसता घरघरता आवाज आला. बांधा, साहेब, असं तो म्हणत होता. ते कळायला मला शब्दांची गरज नव्हती.

डॉक्टरांनी पट्टी बांधली, आकडा टिपला. मुक्ताबाई चहा घेऊन आली होती. डॉक्टर तिच्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "पहिल्याच वर्षी यांचा दाब एकशेऐंशी होता. तेव्हाच मी ओळखलं होतं, या माणसाला दहा वर्षांच्या आत झटका येणार. अंदाज अगदी बरोबर निघाला बघा."

मुक्ताबाईनं कप खाली ठेवला. "पहिल्याच साली?"

"हो तर."

"मंग नाचल्यामुळं वारं नाय गेलं?"

"नाचल्यामुळे?" डॉक्टर हसले. "छे हो! एका दिवसात होतं का असं? वर्षानुवर्षं वाढत आलेलं."

तिनं मोतीरामच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् तुम्हाला ठावं होतं. दर साली पट्टा बांधत होते, अन् ठावं होतं."

"बाई, तो अभ्यास होता. मधेच सांगितलं असतं तर..." पहिल्यांदाच मी त्यांना वाक्य अर्धवट सोडताना पाहिलं.

"मंग आता सांगा," मुक्ताबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दारात चला अन् समद्यांला सांगा. नामांतरानं नाय गेलं वारं, नाचण्यानं नाय गेलं. तुम्हाला म्हाईत होतं अन् तुम्ही सांगितलं नाय. एवढंच सांगा साहेब. चार महिने झाले, मी सोताला खात बसलेय."

मित्रांनो, मला अजून आशा होती. ते मऊ हात, ती मृदू वाणी. दारापर्यंत तर जायचं होतं. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, बाहेर बायका उभ्या होत्या. "लोकांना हे समजायचं नाही, बाई," असं पुटपुटत त्यांनी बॅग उचलली आणि मान खाली घालून ते जीपमध्ये जाऊन बसले. इतक्या घाईनं गेले की माझी पेटी खाटेवरच राहिली आणि पट्टी मोतीरामच्या दंडाला तशीच बांधलेली. ते मला न्यायला कधीच परत आले नाहीत.

मुक्ताबाई दारात गेली आणि जमलेल्या बायकांना तिनं स्वतःच सांगितलं. शेजारची भामाबाई हळहळत म्हणाली, "अगं, एवढा मोठा डाक्टर आसं कामून करील? तुझ्या मनाची समजूत हाय ती." बाकीच्यांनीही माना डोलावल्या आणि एकेक करून पांगल्या.

ती आत आली आणि मोतीरामच्या उशाशी बसली. "ऐकलं न्हवं का तुम्ही?" तिनं विचारलं.

त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याची वाचा गेली होती, कान शाबूत होते. तो माझ्याकडे पाहत होता. जरा वेळ राहू द्या म्हणणारा, डोळे मिटून शांत बसणारा तो मोतीराम. त्याचा डावा हात सरकत सरकत उजव्या दंडावर आला. बोटांनी पट्टीचं टोक शोधलं, एकेक वेढा सोडवला. मुक्ताबाई मदतीला पुढे झाली तर त्यानं तिचा हात बाजूला सारला. शेवटचा वेढा सुटला तशी त्यानं मला मुठीत धरून खाटेखाली फेकून दिलं. मग तो लहान मुलासारखा रडला आणि मुक्ताबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मला त्याचा राग आला नाही. एवढ्या वर्षांत माझ्या बाबतीत कुणी केलेली ती सर्वांत रास्त गोष्ट होती.

आता मी पडेगावातच असतो. महिन्यातून एकदा औरंगपुऱ्यातले ते साधे डॉक्टर सूर्यभानच्या लुनावर मागे बसून येतात आणि वस्तीतल्या लोकांचा दाब माझ्यावर मोजतात. मुक्ताबाई शेजारी उभी असते. तिनं एकच अट घातली आहे. आकडा मोठ्यानं बोलायचा, आणि तो चांगला की वाईट हेही त्याच दमात सांगायचं. भामाबाईचा आकडा वर निघाला तेव्हा ती घाबरली, पण आज तिची गोळी चालू आहे आणि ती भांडायला पूर्वीइतकीच खमकी आहे. माझी पेटी उघडली की मोतीराम मात्र भिंतीकडे तोंड करतो आणि ती बंद होईपर्यंत वळत नाही.

म्हणून माझं एवढं ऐका, मित्रांनो. तुमच्या आजोबांच्या, आईच्या, वडिलांच्या दंडाला कुणी असा पट्टा बांधला, तर तो सुटण्याआधी विचारा, किती आला? मग विचारा, आता काय करायचं? समोरचा माणूस कितीही मोठा असला, कितीही गोड बोलला, तरी विचारा. नुसतं 'छान' ऐकून घरी जाऊ नका. माझा मोतीराम तसाच घरी गेला होता.